रतलामला दिलेला फॉरवर्ड

कुणी सौदा घेऊन आलं की आमचे बडेबाबू पहिले चष्मा काढायचे, भैरवगढच्या छाप्याच्या रुमालाने पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि मग म्हणायचे, "ते सगळं ठीक आहे. पहिले हे सांगा, समोरच्याकडे कमी काय आहे?"

आपल्याकडे काय जास्त आहे ते सांगायला आम्ही आलेलो असायचो. समोरच्याकडे काय कमी आहे याचा विचार कोण करून येतो? बडेबाबू फाइल पुढे ओढायचे. सौदा संपला.

सौदा फुटबॉलच्या खेळाडूंचा. खरे खेळाडू युरोपात खेळायचे, आमच्याकडे त्यांची नावं होती. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. ऑफिस फ्रीगंजला, टावर चौकातला चहा गरम राहील इतक्या अंतरावर. बडेबाबू हेडक्लार्क, मी सगळ्यांत खालचा क्लार्क, म्हणून मी छोटेबाबू. उज्जैनला तेव्हा नवी नवी केबल आली होती. ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता, तो चादर पांघरून झोपलेला असायचा. त्याच्याबरोबर वरून एक हुकूमही आला होता: रिकामी झालेली जागा पुढल्या आदेशापर्यंत भरायची नाही.

खेळ बडेबाबूंनी कुठल्याशा रद्दीतल्या इंग्रजी मासिकात वाचून काढला होता. प्रत्येकाने केबलवर दिसणाऱ्या लीगमधून अकरा खेळाडू निवडायचे, वर दोन-चार राखीव बाकावर. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळायचा नाही. तिकडे आपल्या माणसाने गोल मारला की इकडे आपल्याला गुण. आपल्या गोलकीपरने गोल होऊ दिला नाही तरी गुण. शुक्रवारी पाचपर्यंत अदलाबदल करता यायची. आमच्या खात्याची रतलाम आणि खंडव्याची ऑफिसंही खेळात होती. एसटीडीचा फोन सरकारी कामासाठीच होता, म्हणून आधी रतलामचे मासिक आकडे विचारायचे आणि त्यांच्या शेपटीला एखाद्या लेफ्ट बॅकचा सौदा जोडून द्यायचा.

माझा पहिला संघ ऐका. दहाच्या दहा फॉरवर्ड, नुसते गोल मारणारे. अकरावा गोलकीपर पाहिजेच म्हणाले, म्हणून पेपरातला एक फोटो पाहून घेतला. भरघोस मिशा, नजर अशी की बॉल आपणहून परत जावा. तीन आठवडे झाले तरी त्याचा एक गुण नाही. शेवटी बडेबाबूंनी फोटोखालची ओळ मला वाचून दाखवली. तो त्या संघाचा कोच होता.

"आता याला विकू कुणाला?" मी विचारलं.

"याला तुम्हीच पोसा," बडेबाबू म्हणाले.

तो कोच माझ्या संघात शेवटपर्यंत राहिला. खंडव्याला फुकट देऊ केला तरी कुणी घेतला नाही.

बडेबाबूंची पद्धत निराळी होती. नावाजलेल्यांच्या वाटेला ते जायचे नाहीत. जो दर आठवड्याला मैदानात उतरतो आणि ज्याचं नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत येतं, असला माणूस ते हेरायचे. पेनल्टी कोण मारतो ते त्यांना पाठ. दुखापत झालेल्याला ते पडत्या काळात घ्यायचे आणि बरा होईपर्यंत बाकावर बसवून ठेवायचे. आणि त्यांच्या एखाद्या माणसाने दोन गोल मारले की सोमवारी तो विकायला काढायचे. मी कळवळायचो. ते म्हणायचे, "पेपरात फोटो आला की विकून टाका. फोटो आलेला माणूस घरच्यांनासुद्धा परवडत नाही."

गंमत म्हणजे या माणसाने एकही सामना धड पाहिलेला नव्हता. देवास गेटजवळ एका खोलीत ते एकटे राहायचे, जेवायला मेसमध्ये. शनिवारी जोडून सुट्टी आली की देवास गेटहून बस पकडून इंदूर, तिथून दुसरी बस खंडव्याला. तिथे त्यांच्या पत्नी मुलींच्या शाळेत शिकवायच्या. सोमवारी बडेबाबू बसच्या धुळीसकट थेट ऑफिसात यायचे, पिशवीत लाडवांचा डबा आणि काखेत इंदूरला घेतलेला इंग्रजी पेपर. डबा आमच्यासाठी उघडायचे, पेपर स्वतःसाठी.

आता माझ्या मुख्य पराक्रमाकडे येतो.

रतलामचे हेडक्लार्क शर्माजी आमच्या खेळात कायम तळाला असायचे. माझ्याही खाली, यावरून अंदाज करा. माणूस मानी. हरले की दोन आठवडे आकडे देताना आवाज नुसता कोरडा. एका शुक्रवारी बडेबाबू त्यांच्याशी फोनवर बोलत होते आणि मी शेजारी जावक रजिस्टर भरत होतो. ऐकलं आणि पेन थांबलं. बडेबाबूंनी आपला सगळ्यांत चांगला फॉरवर्ड, आठवड्याला गोल मारणारा, शर्माजींना दिला. बदल्यात घेतला त्यांचा तिसरा गोलकीपर, ज्याने त्या हंगामात मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, म्हातारा फसला. किंवा डोकं चालेनासं झालं. नियम बडेबाबूंनीच केलेला होता की सौदा अन्यायाचा वाटला तर कुणीही हरकत घ्यावी. ते चहाला खाली गेले आणि मी गुरुदक्षिणा द्यायला फोन उचलला. आकडे विचारले. मग माझ्या ठेवणीतल्या हिंदीत शर्माजींना सुनावलं, "एक सीधे-सादे बुज़ुर्ग को आपने लूट लिया, शर्माजी. ये शोभा नहीं देता."

पलीकडून आवाज आला, "मैंने लूटा? ठीक है. बडेबाबू से कह देना, अब मुझसे कोई उम्मीद न रखें." आणि फोन ठेवला.

बडेबाबू वर आले तेव्हा मी छाती काढून सगळं सांगितलं. शाबासकीसाठी थांबलो. ते खुर्चीवर टेकले. खालून आणलेला चहा ग्लासात तसाच.

"छोटेबाबू, शर्माजींची सही यायची होती हो."

मग त्यांनी सांगितलं. रिकामी जागा भरायची नाही म्हटल्यावर बदलीचा एकच मार्ग उरला होता, आपसातला. बडेबाबूंना खंडव्याला जायचं होतं. खंडव्याच्या हेडक्लार्कला रतलामला, आईवडिलांजवळ. आणि शर्माजींच्या मुलाला उज्जैनच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता, म्हणून त्यांना उज्जैन हवं होतं. तिघांनी तिघांच्या जागा घ्यायच्या. हे कोडं सुटायला कितीतरी शुक्रवार लागले होते. लेफ्ट बॅकच्या मागून कुणाच्या आईचं दुखणं कळायचं, कुणाच्या मुलाचा निकाल. दोन सह्या झाल्या होत्या. तिसऱ्या सहीचा अर्ज रतलामला शर्माजींच्या घरी पडला होता. आणि पुढल्या वर्षापासून आपसातल्या बदल्याही बंद होणार, असं सगळे म्हणत होते.

"म्हणजे तो फॉरवर्ड लाच होता?" मी विचारलं. माझी अक्कल तुम्ही आतापर्यंत ओळखलीच असेल.

"नाही हो. मी चाललो, तर संघ कुणाला तरी द्यायचाच होता नं. शर्माजींना एकदा तरी वर येऊ द्यावं म्हटलं."

मी मान खाली घातली. ते खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाले, "आमच्या घरी सगळे पेल्यातून चहा घेतात. मी गेलो की माझ्यासाठी कपाटातली कपबशी काढतात. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं."

मला माझ्या मिशावाल्या कोचसकट जमिनीत जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी रतलाम गाठलं. शर्माजी अंगणात खाटेवर बसले होते, अंगात स्वेटर, समोर ताटलीत शेव. मी माफी मागितली. ते शेव खात राहिले. पुन्हा मागितली. त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. शेव तिखट होती, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांना बहुतेक तो पश्चात्ताप वाटला.

काही तरी द्यायला हवं म्हणून मी माझा अख्खा संघच पुढे केला. तुम्हाला हवे तितके घ्या, बदल्यात काही नको. शर्माजींनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं. तोंडावरची रेघ हलेना. शेवटी एका नावावर बोट थांबलं.

"ये गोलकीपर कौन है? इसका नाम कहीं सुना है."

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "वो कोच हैं, शर्माजी. मूँछ देखके ले लिया था."

शर्माजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा नावाकडे. पहिल्यांदा खांदे हलले, मग पोट, मग खाट. ते इतके हसले की आतून त्यांच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. शर्माजींनी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, "इसने... कोच को..." आणि पुन्हा आडवे झाले.

शांत झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "बडेबाबू तुम्हें रोज़ झेलते हैं?"

"जी."

"तो उनको छुट्टी मिलनी चाहिए." आणि पत्नीला म्हणाले, अलमारीतला अर्ज आण.

सही माझ्या समोर झाली. अर्ज बनियनच्या आत ठेवून मी उज्जैनला परतलो. वाटेत गाडीत कुणाशी बोललोसुद्धा नाही, न जाणो तेवढ्यात काही बिघडायचं.

हुकूम यायला पावसाळा उजाडला. निरोप समारंभात साहेब फार बोलले, बडेबाबू फार कमी. दुसऱ्या दिवशी देवास गेटला मी त्यांची पेटी बसच्या टपावर चढवली. त्यांनी खिडकीतून मला लीग चालू ठेवायला सांगितलं आणि फोटोखालच्या ओळी वाचत जा म्हणाले.

मी चालू ठेवली. शर्माजी त्यांच्या खुर्चीवर येऊन बसले आणि त्या फॉरवर्डच्या जोरावर पहिले आले, त्याचं वर्णन आम्ही वर्षभर ऐकलं. बडेबाबूंसाठी खंडव्याची एक जागा मी राखून ठेवली होती. त्यांचा संघ काही येईना. नवा आहे गडी, रुळतोय, असं आम्ही म्हणत राहिलो.

मग एका शुक्रवारी माझ्या हातात आयुष्यातला पहिला खरा सौदा आला. दुखापतीतून उठलेला एक मिडफिल्डर, पेनल्टी मारणारा, आणि कुणाचं लक्ष नाही. समोरच्याकडे काय कमी आहे तेही मी विचार करून ठेवलं होतं. हा बडेबाबूंनाच द्यायचा म्हणून पाचला जरा कमी असताना मी खंडव्याला फोन लावला. तिथल्या शिपायाने उचलला. मी आकडे विचारायचंही विसरलो, थेट बडेबाबूंना मागितलं.

"वो तो निकल गए, साब."

"इतनी जल्दी? तबीयत ठीक है नं?"

"एकदम ठीक है. मैडम का स्कूल छूटने का टाइम है. रोज़ लेने जाते हैं. साइकिल हाथ में लेके, दोनों पैदल आते हैं." मग जरा थांबून त्याने विचारलं, "कुछ ज़रूरी काम था क्या?"

मी म्हटलं, नाही, काहीच नव्हतं.