तळाची वाळू

लग्नानंतर मी डोंबिवलीला राहायचे, पण गणपतीला माहेरी, कोपरीला. विसर्जनाची कामं मीच वाटून द्यायची. आरतीचं ताट आईकडे, शिदोरी वहिनीकडे, वाळू धाकट्या भावाकडे. मूर्ती सोडली की त्याच पाण्यातली मूठभर वाळू पाटावर ठेवून घरी आणायची, अशी रीत. लोक काठावरचीच उचलत. काठाला निर्माल्याचा चिखल असे. मला ते चालायचं नाही. तलावाच्या मधली, तळाची, स्वच्छ वाळू हवी असायची.

भाऊ एकदा म्हणाला, खाली दम पुरत नाही. मी तेव्हा नव्यानेच योगवर्गाला जात होते. त्याला भस्त्रिका शिकवली. भात्यासारखे जोरजोरात श्वास घ्यायचे, सोडायचे, मग बुडी.

त्या वर्षी तराफ्यावर बसून त्याने ती केली. डोकं हलकं झालंय म्हणाला. मी काठावरून ओरडून सांगितलं, तसं होतंच. त्याने बुडी मारली आणि तो वर आला नाही. तराफा चालवणाऱ्या कोळ्याने उडी टाकून त्याला ओढून काढलं. ओठ निळे, हात रिकामे. पालथा करून पाठीवर थापट्या मारल्यावर तो खोकला.

घरी सगळे म्हणाले, ताईने श्वास शिकवला होता म्हणून तग धरला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला नेमकं उलटं सांगितलं होतं. असे श्वास घेतले की पाण्याखाली गुदमरल्याचं कळतच नाही, माणूस सरळ बेशुद्ध होतो. मी ते कुणालाच सांगितलं नाही. वर्षभर कौतुक ऐकून घेतलं.

पुढच्या विसर्जनाला तो काठावर मांडी घालून पुन्हा भाता चालवू लागला. मध्येच थांबून म्हणाला, "यंदा दोन मुठी आणतो. एक तुझ्या डोंबिवलीला."

मी त्याचा दंड धरला. "नको करूस. गेल्या वर्षी तू त्यानेच बुडालास."

"कशाने?"

"मी शिकवलं त्याने." मग डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

त्याने विचारलं, "आणि हे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

तो उठला. गुडघाभर पाण्यात जाऊन काठचाच चिखल उचलला. पाट मी धरला होता. तो माझ्या हातातून काढून घेऊन त्याने त्यावर चिखल ठेवला आणि माझ्यासाठी न थांबता घराकडे चालू लागला.