तुकडेबाईंचा बाक

माझ्या मावशीला सगळे तुकडेबाई म्हणायचे. चाळीस वर्षं तिने शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर फुटक्या टाइल्स गोळा करायला लागली. पलंगाखाली निळे तुकडे, ओट्याखाली पांढरे, काकांच्या टेबलावर पिवळे. "एक दिवस मलाही फोडून रंगाप्रमाणे लावेल," असं काका म्हणायचे, पण तुकड्यांची पोती जिन्यावरून तेच वर आणायचे.

तिचं काम रस्त्यावरचं, तुकडे चिकटवून चित्रं करायचं. कट्टे, भिंती, पुलाखालचे खांब. पद्धत अशी की आधी तिथे जाऊन बसायचं. सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर बाक करायची परवानगी मिळाली, तेव्हा ती तिथल्या जुन्या कट्ट्यावर आठ महिने नुसती बसली. कोण कधी येतं, कुठे टेकतं, कुठे आडवं होतं, सगळं वहीत. 'दुपारी दोन ते चार, डायलिसिसवाल्याची बायको, डाव्या कुशीवर, पिशवी उशाला.' शेजारी फूट-इंचात मापं.

"मावशी, चित्र काढ ना. ही जनगणना कसली करतेस?" मी वैतागून विचारलं.

"ज्याच्या पाठीखाली माझं काम जाणार, त्याची पाठ नको का बघायला?"

मग बाक झाला. चांगला पन्नास फुटी, मुद्दाम रुंद, कडा घासून गोल केलेल्या, डोकं येईल तिथे जरासा उंचवटा. तुकडे चिकटवले ते तिथे ताटकळणाऱ्या नातेवाइकांनीच. आपलं माणूस आत असतं आणि बाहेर हाताला काम नसतं, ते हिने दिलं. एका बापाने तीन दिवस खपून अख्खा मासा लावला आणि चौथ्या दिवशी तो आलाच नाही. पोर बरं झालं की काय झालं, कुणाला कळलं नाही.

सुशोभीकरण खात्याचे साहेब बघायला आले. गोड बोलणारा माणूस, आणि अशा माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. बाकाचं कौतुक झालं आणि मग म्हणाले, "बाई, तुमचा अभ्यास आम्हाला वाचायचाय. वही मिळेल का?"

जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या बाईची वही पहिल्यांदा कुणीतरी मागितली होती. मावशी हरखून गेली. तिने वहीला खाकी कव्हर घातलं, वर सुवाच्य अक्षरात नाव घातलं आणि स्वतः नेऊन दिली. मीसुद्धा अडवलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

महिन्याभराने बाकावर अकरा लोखंडी दांडे आले. टाइल्सना भोकं पाडून बोल्टने आवळलेले, कमरेएवढे उभे. एक थेट त्या माशाच्या पोटातून. आता तिथे बसता येत होतं, झोपता येत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिव्या देत होतो आणि मावशी पिशवीतून टेप काढून मोजत होती. तिला वही लागत नव्हती, मापं पाठ होती.

"हा झोपणाऱ्याच्या बरोबर कमरेशी आला," ती म्हणाली. दुसऱ्याशी थांबली. "हापण."

अंदाजाने लावले असते, तर एखाद्याला तरी पाय पसरता आले असते. अकराच्या अकरा नेमके बसले होते.

आम्ही तडक खात्यात गेलो. साहेबांनी चहा मागवला. मावशीने कपाला हात लावला नाही.

"माझी वही वापरलीत तुम्ही."

"अर्थात, बाई. एवढा शास्त्रशुद्ध अभ्यास वाया कसा घालवायचा?" त्यांनी एक गुळगुळीत अहवाल पुढे सरकवला. आत मावशीचं नाव छापलेलं. "लोक झोपून तुमच्याच कलेची नासाडी करत होते. आम्ही तिचं रक्षण केलं."

"त्यांनी झोपावं म्हणूनच केला होता मी बाक."

"तसं अर्जात कुठे लिहिलं नव्हतं."

मी टेबलावर हात आपटला. निर्लज्ज माणूस, साधा दचकलाही नाही. मावशीने वही परत मागितली, तर ती रेकॉर्डला गेली होती. नाव तरी काढा म्हणाली, तर अहवाल मंजूर झाला होता.

परत दवाखान्याशी आलो तेव्हा अडीच वाजले होते. डायलिसिसवाल्याची बायको खाली फरशीवर बसली होती, बाकाला पाठ लावून. आठवड्यातून तीनदा येणारी बाई, पाय सुजलेले. मावशीला बघून ती सरकली आणि शेजारी जागा केली.

"कुणी केलं हो हे? काय मिळालं त्याला?"

"खात्याने," मी म्हणालो. "हरामखोर आहेत सगळे."

"मी केलं," मावशी म्हणाली, आणि तिच्या शेजारी फरशीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं. आठ महिने काय लिहिलं, कुणाला दिलं, दांडे कशावरून मोजून लावले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, खात्याला बोल लावला नाही.

"माझंही होतं त्यात?" बाईने विचारलं.

"होतं. दोन ते चार. डाव्या कुशीवर."

बाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि घट्ट धरली.

"मला वाटायचं, तुम्ही माझं चित्र काढताय," ती म्हणाली. "म्हणून मी हलत नव्हते."