गुळाची कढई

रिसोडच्या स्टँडवर गुळाचा चहा उकळायला लागला, की त्या गोड वासानं माझं डोकं सणकतं.

सत्तरच्या दशकात आमच्या नाल्याला पूर आला, की गावचे पाटील उसाचा रस आटवायच्या मोठ्या लोखंडी कढईत बसून पलीकडे जायचे. काठावरून दोर धरलेला असायचा, पाटलांच्या हातात टेकायला बांबू. कढईच्या कड्या धरून ती पोहत ढकलायची आम्ही, बौद्ध वस्तीतल्या जवान माणसांनी. आत बसायचं नाही, ही रीत.

एकदा मधोमध दोर तुटला. कढई गरगरत उताराला लागली. बाकीच्यांचे हात सुटले, कडीला धरून मी एकटाच उरलो. गढूळ पाणी खडकांवर आपटून फेसाळत होतं. कढई आणि खडकाच्या मध्ये पाय चेंगरणार, हे दिसलं तसा मी आत चढलो.

"उतर खाली," पाटील ओरडले. "कढई बाटवून राह्यला का?"

"मी उतरलो तं तुमी मरसान, पाटील."

त्यांच्या हातातला बांबू ओढून घेतला आणि एकेका खडकाला लावत मी कढई वळणावर काठाला आणली. पाटील उतरले आणि काठानं धावत आलेल्या गड्याला म्हणाले, "कढई राखेनं घास, अन् जाळावर तापव."

हिवाळ्यात तिच्यातच गूळ झाला. त्याचा ऊस माझ्या आईनं तोडला होता.

पुष्कळ वर्षं मी ही माझ्या हिमतीची गोष्ट म्हणून सांगितली. आता वाटतं, शेवटच्या खडकाला बांबू लावायलाच नको होता.