फोटोवाला मी शोधला, ठरवला तिने

मुलीचं लग्न जमलं तेव्हा घरात कामांची वाटणी झाली. आचारी, मंडप आणि पत्रिका तीन दिवसांत उरकल्या. फोटोवाला ठरवायला पाच आठवडे लागले, आणि ते काम माझ्याकडे होतं.

उशिराचं कारण माझी बायको. नऊ वर्षांपूर्वी तिच्या ओठाच्या कडेला कोडाचा पहिला डाग आला, मग डाव्या डोळ्याभोवती, मग कपाळावर. तेव्हापासून ती फोटोत येत नाही. घरात चार मोबाईल आहेत. एका रविवारी बसून मी मोजलं. नऊ वर्षांत तिचे फोटो सात. पाचांत पाठ आहे, एकात तोंडावर पदर आहे, आणि एक बँकेच्या कामासाठी काढावाच लागला होता. बाकी ती बाजारात जाते, बचत गटाच्या बैठकीत भांडते, कोणापुढे मान खाली घालत नाही. फक्त फोटो नको.

तिने सरळ सांगितलं, "मी स्टेजवर येनार नाई. पोरीच्या फोटोत कायले डाग पाडू?"

मुलगी म्हणाली, "तू नसशील तं फोटोवालाच नको. एक बी फोटो नको."

दोघीही शब्दाच्या पक्क्या. म्हणजे मला असा फोटोवाला हवा होता ज्याच्यापुढे ही बाई उभी राहील. नाहीतर मुलीच्या लग्नाचा एकही फोटो राहणार नव्हता.

मी घाटंजीला एका जिनिंगमध्ये काट्यावर काम करतो. कापसाची गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची, आणि मगच आकडा बोलायचा. इथेही तसंच करायचं ठरवलं. अल्बम बघायचा नाही, कारण अल्बममध्ये निवडक फोटो असतात. एका लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो दाखवा म्हणायचं.

यवतमाळच्या मोठ्या स्टुडिओत ड्रोन होता, सोफा होता, गार पाणी होतं. दाढीवाल्या तरुण मालकाने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. दीड तास मी मोजत होतो. एकूण फोटो बाराशे शहाऐंशी. नवरीचे सहाशेच्या वर. नवरदेवाच्या बुटांचे बावीस. नवरीच्या आईचे नऊ, आणि त्यातल्या तिनांत नुसता तिचा हात.

मालक म्हणाला, "काका, तुमी ऑडिटमधी हाये का?"

"नाही. आईचे फोटो एवढे कमी काहून?"

"आईचे फोटो कोन पाह्यते, काका?"

खरं म्हणजे मी तिथेच उठायला हवं होतं. पण पडद्यावरची एक गोष्ट माझ्या नजरेत भरली होती. सासू, सून, करवली, आत्या, सगळ्यांचे चेहरे एकाच वयाचे आणि घासलेल्या स्टीलच्या ताटासारखे गुळगुळीत. हे कसं, असं विचारलं तर तो म्हणाला, "स्किन करून देतो नं आपन. डाग असो, सुरकुती असो, सगळं साफ."

मी मोबाईलमधला तो बँकेचा फोटो त्याला दिला. दहा मिनिटांत चेहरा एकसारखा झाला, वर रंगही चांगला उजळला. मला वाटलं, सुटला प्रश्न. डाग फोटोत येणारच नसतील तर हिला स्टेजवर यायला हरकत काय? फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवून घेतला आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणला.

बायकोने कागद सोडवला. फ्रेम दारातल्या उजेडात धरली. "ही कोन व्हय?"

"तूच."

"बरी हाये दिसाले." तिने फ्रेम माझ्या हातात परत दिली. "हिलेच उभी करा मंग लग्नात. लुगडं बी हिच्याच पसंतीचं घ्या."

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी तेल, डाळ आणि गॅस एवढ्याच विषयांवर बोलली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी बूट बी मोजले. पन आईले विचारलं का, तिले काय पाह्यजे?"

विचारलं नव्हतं. माझ्या वहीत चौदा प्रश्न होते, त्यात तो नव्हता.

त्यानंतर मी पांढरकवड्याला एक फोटोवाला पाहून आलो. माणूस सरळ होता, पण त्याच्या फोटोतली माणसं कोणीतरी दम दिल्यासारखी ताठ उभी होती. तोही गेला.

मग बाजाराचा दिवस आला. मुलीचे पासपोर्ट फोटो आणायचे होते, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको नेहमीच्या छोट्या स्टुडिओत शिरलो. स्टुडिओ एका मुसलमान जोडप्याचा आहे. त्यांच्यात लग्नाला बायकांच्या बाजूचे फोटो बाईच काढते, म्हणून नवऱ्याने बायकोला कॅमेरा शिकवला. आता तिला या कामात पंधरा वर्षं झाली आहेत. त्या दिवशी ती एकटीच होती. मी पाकीट घेऊन निघणार, तोच आमची ही म्हणाली, "लग्नाचे फोटो काढता का जी? हिंदूच्या लग्नात?"

"काढतो की आमी. बायकाच बोलावतात मले. हळदीत मानसाले आत येऊ देत नाई कोनी."

"माह्या तोंडाचं काय करान?"

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्या बाईने हिच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. छान दिसता वगैरे काही बोलली नाही. उठून पडदा सरकवला, हिला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाली, "भाभी, पुसायचं का ठेवायचं हे तुमीच सांगा. दोन्ही होते. पन पुसलं तं समद्याच फोटोत पुसा लागते. एकात राह्यलं अन् एकात नाई, तं लोकं म्हनतील नवरीले माय दोन हायेत."

आमची हसली. फोटोवाल्यापुढे ती नऊ वर्षांनी हसत होती, आणि समोरच्या बाईच्या हातात कॅमेरासुद्धा नव्हता.

"राहू द्या," आमची म्हणाली.

"मंग मंडपाचं कापड कोनतं हाये?"

"लाल-पिवळं," मी म्हणालो.

"ते बदला, भाईजान. लाल कापडातून ऊन आलं का समदं वऱ्हाड लाल दिसते. वर पांढरं लावा. अन् भाभीवर मी फ्लॅश सरळ मारनार नाई. त्यानं पांढरं अजून पांढरं येते."

मी वही काढली. कार्ड बिघडलं तर काय? एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो जातात. तब्येत बिघडली तर काय? नवरा येईल. आणखी बारा प्रश्न बाकी होते, पण तोवर हिने कमरेचा बटवा सोडून बयाना दिलासुद्धा. बाहेर आल्यावर म्हणाली, "उरलेले प्रश्न मले विचारजा रस्त्यानं."

मंडपवाला पांढऱ्या कापडाला तयार होईना. "लग्नात पांढरं? लोकं मले काय म्हनतील?" शेवटी वर पांढरं आणि चारी बाजूंनी लाल-पिवळी झालर, असा तह झाला.

हळदीच्या दिवशी माझ्या बहिणींनी हिला धरून कपाळापासून कानापर्यंत माखली. हिनेही त्यांना सोडलं नाही. फोटोवाली मधोमध होती, तिच्या ओढणीवरही हळद होती. फोटो पुष्कळ निघाले. पण त्या दिवशी सगळ्याच बाया पिवळ्या होत्या, त्यामुळे ते फोटो मी हिशेबात धरायला तयार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. घरच्यांचा फोटो घ्यायची वेळ झाली आणि ही जेवणाच्या पंगतीकडे. मुलगी स्टेजवरून सारखी तिकडे पाहत होती. फोटोवालीने हाक मारली नाही, कॅमेरा खाली धरून उभी राहिली. मी स्टेजवर मुलीच्या बाजूला उभा होतो आणि मला काहीच मोजता येत नव्हतं.

तेवढ्यात ही आली. पदराने तोंडावरचा घाम पुसत पायऱ्या चढली आणि मुलीच्या नि माझ्या मधे उभी राहिली. कापडातून पांढरा, सारखा उजेड पडत होता. फोटोवालीने कॅमेरा डोळ्याला लावला.

"सरका थोडे तिकडं," आमची मला म्हणाली. "माह्या तोंडावर सावली पडून राह्यली तुमची."

मी सरकलो. फोटो निघाला. आता ती जाईल म्हणून मी वाट करून दिली, तर ती खाली उतरून फोटोवालीजवळ गेली आणि कॅमेऱ्यात डोकावली. "पोरीचे डोये मिटले. अजून एक काढा." दुसऱ्यात माझी टोपी वाकडी निघाली. तिसऱ्यात माझी बहीण शिंकली.

आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात. जावयांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "मामी, जेवाले बसाव का आता?"

"थांबा जरासे," ती म्हणाली, आणि पदर नीट करून पुन्हा स्टेजवर चढली.