ऐनाच्या झाडासमोर दोन हॅलोजन

टेंपो भिवंडीच्या बाहेर काढला तेव्हा मागे ताडपत्रीखाली काय आहे, हे फक्त मला ठाऊक होतं. वर दोन तंबू, सतरंज्या, पातेली आणि तांदळाची पिशवी. त्याखाली माझा छोटा जनरेटर आणि हजार-हजार वॅटचे दोन हॅलोजन. पुढे माझ्या शेजारी गायकवाड सर आणि खिडकीशी माझी बायको मंगल. साल शहाण्णव असावं. मे संपत आला होता आणि घामाने शर्ट सीटला चिकटत होता.

मी दत्ता, भिवंडीतला लाइटवाला. लग्नाचा मांडव असो की गणपती, रोषणाई माझी. गायकवाड सरांनी मला सातवीत विज्ञान शिकवलं. टॉर्चचा सेल, तारेचे दोन तुकडे आणि एक बल्ब माझ्या हातात देऊन म्हणाले होते, "पेटव बघू." तो पेटला आणि माझं आयुष्य तिथेच ठरलं. बाकीच्या विषयांत आमच्या नावाने आनंदच होता.

तर हे सर त्या महिन्यात दुकानात आले. डोळ्यांत काचबिंदू झालेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आणि राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. सर म्हणाले, "दत्ता, पडघ्याच्या आत एका पाड्यावर ऐनाचं झाड आहे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर त्यावर काजवे बसतात. दहा वर्षं मी पोरांना घेऊन जातोय. यंदा मला ते स्वतःसाठी बघून घ्यायचंय. टेंपो दे, आणि तूही ये. मात्र तिथे अंधारात राहायचंय हं."

आता आमच्या धंद्यातली गंमत ऐका. गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, "जास्त नको, थोडेच लावा." आणि खरंच थोडे लावले की भर लग्नात तोंड पाडून बसतं. त्यामुळे 'लाइट नको' हे वाक्य माझ्या कानात शिरतच नाही. शिवाय मी विचार केला, माणसाला कमी दिसतं तर उजेड जास्त हवा. झाड बघायचंय ना सरांना? असं दाखवतो की पानन् पान मोजतील! मंगललासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

हायवेला ट्रकांची रांग होती. पडघ्याच्या बाजारात आम्ही कांदे, सुकट आणि मिरच्या घेतल्या. एसटीने आलेले सरांचे सात-आठ जुने विद्यार्थी तिथे टेंपोत चढले. त्यांत दोघे शिक्षक झालेले, बाकीचे कापडाच्या लूमवर काम करणारे. एकजण म्हणाला, "शिफ्ट बदलून आलोय सर, मालक दोन दिवस बोंबलणार." सर हसले. पुढे डांबर संपलं, धुरळा सुरू झाला. पाड्याच्या अलीकडे एक नवं पत्र्याचं गोदाम उभं राहिलेलं दिसलं. सर मान वळवून बघत राहिले. म्हणाले, "गेल्या वर्षी इथे वरीचं शेत होतं."

पाड्यावर आम्हाला जागा दिली ती हिराबाईंनी. पन्नाशीच्या, नाकात मोठी नथ, आवाज असा की बैलसुद्धा उभा राहील. सरांना त्या भावासारखं मानत. तंबू ठोकायला त्यांनी खळं (भात झोडपायची सारवलेली जागा) दिलं, आणि कमरेवर हात ठेवून नियम सांगितले.

"खल्यावर चपला न्हाय. चूल बांधाखाली, वारा बघून. इहिरीवर साबण न्हाय. आन् काजव्यांचे दिस हायत, बत्ती न्हाय."

"कंदीलसुद्धा नाही?" मी विचारलं.

"आमच्या घरात हाय, पन दाराला गोणपाट लावताव. दादा, ते लगीन लावायला आल्यात. नवरा चमकतो तवा नवरीला गावतो. दुसऱ्याच्या लग्नात आपली बत्ती कशाला?"

सगळे हसले, मीही हसलो. माझ्या टेंपोत काय आहे हे मला माहीत असूनही हसलो. वाटलं, म्हातारपणाकडे झुकलेली बाई आहे, बोलते आपली.

मंगलने चुलीवर सुकट केली आणि हिराबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. ते जेवण विसरणार नाही, कारण त्यानंतर मी जी शोभा केली तीही विसरणार नाही. अंधार पडत होता. ऐनाचं झाड शेताच्या पलीकडे काळंभोर उभं होतं. सर बांधावर बसले होते, चष्मा काढून, डोळ्यांना अंधाराची सवय करून घेत. झाडावर एक चमकला. मग दुसरा. सर म्हणाले, "आले." मी हळूच उठलो, टेंपोमागे गेलो, जनरेटरची दोरी ओढली आणि दोन्ही हॅलोजन झाडावर मारले.

झाड पांढरं पडलं. पानन् पान दिसलं, अगदी मी ठरवल्याप्रमाणे. आणि काजवा एकही दिसेना. जनरेटर भडभडत होता, पाखरं हॅलोजनवर आपटून मरत होती. मी अभिमानाने वळलो, तर सर दोन्ही हातांनी डोळे झाकून खाली वाकलेले.

"मेल्या, इजव ती!" हिराबाई शेतातून धावत आल्या. "इजव म्हन्ते ना!"

मी घाईत जनरेटर बंद केला. त्यानंतरचा अंधार इतका दाट होता की स्वतःचा हात दिसेना. सर शांतपणे म्हणाले, "दत्ता, माझे डोळे आता आज काही सावरायचे नाहीत. साध्या माणसाला अर्धा तास लागतो, मला रात्र लागेल. असू दे. उद्याचा दिवस आहे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मंगल मात्र रागावली. तंबूत कुजबुजत म्हणाली, "लग्नं करून करून तुमच्या डोक्याचा मांडव झालाय. माणूस नको म्हणतो तेव्हा नकोच म्हणतो, एवढं कळत नाही?" मी कूस बदलली. लूमची खटखट नाही, ट्रक नाही, काही नाही. लाजेने झोप लागली नाही, हे कबूल करायला आता हरकत नाही.

सकाळी मी हिराबाईंच्या अंगणात गेलो आणि सरळ हात जोडले. त्यांनी चहा पुढे केला. "चुकीचं काय न्हाय एवढं. तू रातभर बत्ती जालनार व्हतास का? आमची खरी पिडा ती हाय." त्यांनी गोदामाकडे बोट केलं. छपरावर एक हॅलोजन होता आणि त्याचं तोंड थेट शेताकडे आणि पलीकडच्या डोंगराकडे. "दिवाली झाली तवा लावला. काल लाइन गेल्ती, त्यो उशिरा लागला, म्हनून तुझ्या धांदलीत कोनाचं ध्यान न्हाय गेलं. त्यो रोज सात वाजता लागतो. झाडाच्या त्या अंगाला यंदा काजवा बसत न्हाय."

म्हणजे मी गप्प बसलो असतो तरी सरांना अर्धंच झाड दिसलं असतं! दिवसभर मी तो हॅलोजन बघत होतो. धंद्याच्या नजरेनेही मला त्याचा संताप आला. लाइट गेटवर पाहिजे, मालावर पाहिजे. डोंगरावर कशाला? डोंगर कोण चोरून नेणार आहे?

संध्याकाळी सातला तो लागला. सर बांधावर येऊन बसले आणि त्यांनी उजेडाच्या बाजूला पाठ केली. मला ते बघवेना. टेंपो सुरू केला आणि गोदामाच्या गेटवर गेलो.

वॉचमन साठीचा होता. शब्बीरचाचा. पंचवीस वर्षं भिवंडीत लूम चालवला, कान गेले तेव्हा ही ड्युटी धरली. मी ओरडून ओरडून त्यांना सगळं सांगितलं. सरांचे डोळे, झाड, काजव्यांचं लग्न.

"अरे बेटा," ते म्हणाले, "बात तो ठीक है. लेकिन अंधेरे में एक गठरी भी गई तो मेरी नौकरी गई. इस उमर में कौन रखेगा?"

बरोबरच होतं त्यांचं. मग मी टेंपो गेटला आडवा लावला, अगदी टेंपोची फळी गेटला भिडेल असा, आणि चावी त्यांच्या हातात दिली.

"चाचा, दो घंटे मैं भी इधर बैठता है तुम्हारे साथ. माल गया तो टेंपो तुम्हारा."

त्यांनी चावीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वो मास्टर तुम्हारा सगा है?"

"सगे से जास्ती," मी म्हणालो. चाचा उठले, आत गेले आणि खटका खाली ओढला.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मला वाटलं, काल मी सगळा सत्यानाश करून ठेवलाय, आता ते येतच नाहीत. मग झाडाच्या शेंड्याला थोडा उजेड हलला. खालच्या फांदीवर आणखी थोडा. दोन-चार, दहा-वीस, इकडे एक तिकडे एक, ताळमेळ नाही. आणि बघता बघता काय झालं कुणास ठाऊक, अख्खं झाड एकदम पेटलं. एकदम विझलं. पुन्हा पेटलं, पुन्हा विझलं.

मी उभाच राहिलो. अहो, आयुष्यभर मी हेच करत आलोय! चारशे बल्बांची एक सिरीज एका वेळी चालू-बंद व्हावी म्हणून मोटरचा रोलर लावतो, त्याचे तांब्याचे पट्टे घासतो, दर रात्री एक ना एक माळ रुसतेच. आणि इथे हजारोंचं झाड, ना वायर, ना फेज, ना न्यूट्रल, आणि एकही चुकत नव्हता! मागच्या जांभळीने ते पाहिलं असावं, कारण तीही पेटायला लागली. मग तिच्या पलीकडचं झाड. उजेडाची लाट शेताच्या कडेने डोंगराकडे जायची आणि परत यायची. उजेड म्हणाल तर एवढासा, वाचायलासुद्धा पुरणार नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही, अंधारात कोण बघतंय!

शब्बीरचाचांनी माझा दंड धरला होता. "या अल्लाह," ते हळू म्हणाले. "सात महिने से इधर बैठा हूँ. ये रोज होता है?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "रोज नाही चाचा. आठ-पंधरा दिवस. बस, उजाला नहीं चाहिए."

शेतातून कुणाचाही आवाज नव्हता. लूमवाली पोरं, जी एकमेकांच्या कानात ओरडून बोलतात, ती मुकी झाली होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग मंगलचा हात धरून सर बांधाबांधाने गेटपर्यंत आले.

"दत्ता?"

"इथे आहे सर."

"दिसलं रे." सर म्हणाले. "कडेचं नाही दिसत आता. पण मधलं सगळं दिसलं. मी झाडाच्या खाली जाऊन उभा राहिलो. तू कुठून बघितलंस?"

"इथून. गेटवरून."

"मग तुला अख्खं दिसलं असेल," सर म्हणाले. त्यांना माझा हेवा वाटला की आनंद झाला, ते मला कळलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच होता.

निघायच्या सकाळी मी हिराबाईंकडून तेलाचा रिकामा डबा मागून घेतला. तो उभा कापला आणि गोदामाच्या छपरावर चढून हॅलोजनला टोपी केली. तोंड खाली, गेटवर. शब्बीरचाचांना विचारलं, "अब गेट कैसा दिखता है?" ते म्हणाले, "पहले से अच्छा." हिराबाईंनी मंगलच्या ओटीत तांदूळ घातले आणि मला म्हणाल्या, "पुडल्या सालाला ये. पन हात हलवत ये!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. गल्लीत लूम खटखटत होते, दोन्ही बाजूंना ट्यूब, बोर्ड, हॅलोजन. वर पाहिलं तर एक तारा नाही. वीस वर्षं मी हा उजेड भाड्याने देतोय आणि त्यामागे काय झाकलं जातं हे एकदाही मनात आलं नव्हतं. धंदा काही सोडला नाही, पोट आहे. पण मांडव संपला की लाइट संपला पाहिजे, आणि कुणाच्या खिडकीत माझा हॅलोजन जाता कामा नये, हे तेव्हापासून मी पाळतो. पाड्यावर जाऊन शिकलो ते एवढंच.

पुढच्या मे महिन्यापर्यंत सरांची नजर जवळपास गेली. उजेड आहे की नाही, एवढंच कळायचं. पाड्यावर यायला ते नाही म्हणाले. मग मी दुकानातच ऐनाची एक वाळकी फांदी उभी केली, तिला बारीक बल्बांची माळ गुंडाळली, रोलरचे पट्टे तीन वेळा कापून बदलले आणि सरांना रिक्षाने घेऊन आलो. खुर्चीत बसवलं. खटका दाबला.

"जरा जलद होतं ते," सर म्हणाले. मी पट्टा बदलला. "आता फार जलद." पुन्हा बदलला. त्यांनी मान थोडी पुढे केली. "हां. हेच. पण दत्ता, आधी तुझ्या त्या ट्यूब बंद कर."

मी ट्यूब बंद केल्या. बोर्डाचा लाइट बंद केला. मग शेजारच्या मिठाईवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, पाच मिनिटं तुझाही हॅलोजन बंद कर. तो गल्ल्यावरून वाकून म्हणाला, "का रे, फेज गेली काय?"

"नाही," मी म्हणालो. "सर बघतायत."