खटका पडला की बास

आमची आत्या वीस वर्षं पेट्रोल पंपावर आहे. टाकी भरली की नळीचा खटका आपोआप पडतो, आणि खटका पडल्यावर आत्या थेंबभरही जास्त देत नाही.

परवा भर दुपारी एक टॅक्सीवाला हटूनच बसला. "ताई, काठोकाठ भरा की!"

आत्याचा पारा चढला. "वरून ओतलं की वाफ उडते. ती वाफ आणि तुमच्या गाड्यांचा धूर उन्हात एकत्र शिजतात. मग डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, आणि लोक म्हणतात, धुकं पडलंय! एवढ्या उन्हात कसलं डोंबलाचं धुकं?"

टॅक्सीवाला डोळे चोळत निघाला. मग थांबून म्हणाला, "खरंच चुरचुरतायत हो!"

त्याच संध्याकाळी मी आत्याकडे जेवायला गेले. दोनदा वाढून झालं होतं, तरी भाताचा चमचा तिसऱ्यांदा माझ्याकडे वळला. मी ताटावर आडवा हात धरला.

"आत्या, खटका पडला!"

"तो पंपावर," आत्या म्हणाली, आणि माझा हात बाजूला सारून तिने ताट काठोकाठ भरलं.