झोपेवर चालणारा माग आणि मुलांचं कपाट

शिवलिंगअण्णांवर अन्याय झाला तो गेल्या मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी, दुपारी चार वाजता, कोल्हापुरातल्या एका वाङ्मय पुरस्कार समितीच्या टेबलावर. त्यानंतर दोन महिन्यांनी अण्णा गेले. पुरस्कार हुकला म्हणून गेले असं मी म्हणणार नाही. इचलकरंजीच्या मागांचा कापूस छातीत साचून गेले. पण ज्यांनी निकाल दिला त्यांनी अण्णांची कादंबरी वाचलीच नव्हती, हे जाताना त्यांना ठाऊक होतं.

अण्णा दिवसा माग चालवायचे, संध्याकाळी प्रौढांच्या साक्षरता वर्गात शिकवायचे. घरात कन्नड बोलायचे, लिहायचे मराठीत. त्यांची ही एकच अद्भुत कादंबरी. तिच्यातल्या गावात माग माणसांच्या झोपेवर चालतात. एक बाई मजुरीसाठी आपली झोप देत राहते आणि शेवटी पोटच्या लेकराचं तोंडही न ओळखता मरते... छापायच्या वेळी मी, साक्षरता वर्गाची पत्रकं काढून हात बसलेली, म्हणाले, "अण्णा, मोठ्या टाइपात घ्या. वाचणारी माणसं परवा अक्षरं शिकलीत."

"पोरी, शहाणी माणसं हसतील की."

"हसू देत!"

हसली नाहीत. त्याहून वाईट केलं.

वर्गात पुस्तक आलं तेव्हा पन्नाशीचा मल्लाप्पा बोट ठेवत ठेवत एक पान वाचून थांबला. "अण्णा, ह्यो माझाच माग हाय की," म्हणाला आणि पुढचं पान शेजाऱ्याकडं सरकवलं. त्याला ते वाचवेना. पुस्तक कुणासाठी आहे याचा निकाल माझ्यापुरता तिथंच लागला.

समितीच्या निकालानंतर मी एका परीक्षकांना गाठलं. "अहो बाई, एवढाली अक्षरं, त्यात झोप खाणारे माग! मोठ्यांच्या विभागात कसं घेणार? बालविभागाकडं पाठवलं."

"वाचलंत?"

"चाळलं की."

बालविभागाचे गृहस्थ शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी शेवटचं पान तेवढं बघितलेलं. "आई अशी मरते? हे मुलांच्या हातात द्यायचं? छे!"

हे सांगायला मी अण्णांकडं गेले. ते अंथरुणाला खिळलेले. "मुलांच्यात तरी घेतलं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी नकाराची मान हलवली. ते हसले, हसता हसता खोकले, बराच वेळ खोकले. "म्हंजे आमची मानसं मोठीबी न्हाईत, ल्हानबी न्हाईत... मग कोन गं, पोरी?"

मोठ्या टाइपाचा हट्ट माझा होता. पण तो आजही चुकीचा वाटत नाही. अक्षर बघून माणसाचं वय ठरवणारे चुकले.

शोकसभेत त्याच समितीनं अण्णांना 'मुलांचे लाडके लेखक' म्हटलं. माझ्याच्यानं बसवेना, उठून आले. परवा वाचनालयात पाहिलं, तर पुस्तक मुलांच्या कपाटात, वरच्या खणात. मुलांचा हात पोचत नाही तिथं, आणि मोठी माणसं त्या कपाटाकडं फिरकत नाहीत.

तेव्हा हळहळू नका. उद्या वाचनालयात जा, ते पुस्तक मागा. "पोरासाठी न्यायचंय का?" असं विचारतील. "न्हाय, मला वाचायचंय," म्हणा, आणि वहीत स्वतःचं नाव लिहा.